शेवाळाच्या पोटातला सोडा

एका पेल्यात पाणी घ्या आणि त्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवा. पाणी नितळ राहतं. वास येत नाही, बुडबुडा उठत नाही. आता त्यात अर्धं लिंबू पिळा. क्षणात पेला फसफसून वर येतो. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. घटकाभरापूर्वी तो कुठे होता? त्याच पेल्यात, पण बायकार्बोनेटच्या रूपात. त्या रूपात कार्बन पाण्यात मुकाट बसून राहतो आणि आंबटपणा मिळाला की वायू होऊन निसटतो. ढोकळा फुगतो तोही याच जोरावर.

हे दोन शब्द लक्षात ठेवले की पुढचं सगळं सोपं आहे. एकाच कार्बनची ही दोन रूपं: मुकाट बसणारा सोडा आणि निसटणारा वायू. प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू कार्बन कसा पकडतात, याचं सगळं मर्म त्यांची अदलाबदल कुठे करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, यात आहे.

हे जिवाणू आपल्या ओळखीचे आहेत. पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर, विहिरीच्या कडेला, घराच्या ओल्या भिंतीवर काळपट-हिरवं, बुळबुळीत काहीतरी धरतं. त्यात बऱ्याचदा सायनोबॅक्टेरिया असतात. त्यांना आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो, पण ते शेवाळ नव्हे. त्यांच्या पेशीत केंद्रक नसतं, म्हणजे ते अस्सल जिवाणूच आहेत. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला तो यांच्यामुळे. आणि तुळशीच्या पानात जी हरितलवकं आहेत, ती याच जिवाणूंच्या एका पूर्वजाची वंशज आहेत. तो पूर्वज कधीकाळी दुसऱ्या पेशीच्या आत शिरला आणि तिथेच राहिला.

कार्बन बांधण्याचं मुख्य काम करतं रुबिस्को नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. पाच कार्बनच्या एका साखरेला ते कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू जोडतं, मग त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात आणि त्यातून पुढे साखर, पिष्ट, तेल, प्रथिनं असं सगळं बनत जातं. हा मार्ग मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून उलगडला. कॅल्विन यांना त्यासाठी १९६१ चं नोबेल मिळालं. भात, पोळी, तेल, कापूस, लाकूड या सगळ्यांतला कार्बन कधी ना कधी रुबिस्कोच्या हातून गेलेला असतो.

एवढं महत्त्वाचं विकर, पण त्यात दोन मोठ्या खोडी आहेत. पहिली म्हणजे ते संथ आहे. बरीचशी विकरं सेकंदाला शेकडो-हजारो रेणू हातावेगळे करतात. झाडांचं रुबिस्को सेकंदाला जेमतेम तीनेक. म्हणून झाडांना ते ढिगानं बनवावं लागतं, इतकं की पृथ्वीवर सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रथिनांत त्याची गणना होते. दुसरी खोड जास्त त्रासदायक. त्याला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक नीट कळत नाही. ऑक्सिजनचा रेणू हाताशी आला तर ते तोच साखरेला जोडून टाकतं. त्यातून निरुपयोगी पदार्थ तयार होतो, आणि तो निस्तरताना पेशीची ऊर्जा जाते व आधी बांधलेला थोडा कार्बनही हातचा जातो.

रुबिस्कोला दोष देताना त्याचं वय विसरू नये. ते घडलं तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर होता. दोघांत फरक ओळखण्याची गरजच नव्हती. पुढे सायनोबॅक्टेरियांनीच ऑक्सिजन सोडून सोडून हवा बदलली. कार्बन डायऑक्साइडही कालांतरानं खूप कमी झाला. जुनं विकर नव्या हवेत अडचणीत आलं.

पाण्यात राहणाऱ्याची अडचण तर आणखी वाढते. हवेशी समतोलात असलेल्या एक लिटर पाण्यात वायूच्या रूपातला कार्बन डायऑक्साइड असतो अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. एक लिटर हवेतही तो साधारण तेवढाच असतो, पण हवेत तो झपाट्यानं पसरतो आणि पाण्यात सुमारे दहा हजार पट हळू. पेशीनं आपल्याभोवतीचा वायू खाल्ला की दुसरा येईपर्यंत वाट बघत बसायचं. मात्र त्याच पाण्यात बायकार्बोनेट पुष्कळ असतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात शंभर मिलिग्रॅमच्या वर. समुद्रात विरघळलेल्या अजैविक कार्बनपैकी सुमारे नव्वद टक्के बायकार्बोनेट असतं आणि वायू एका टक्क्याच्या आसपास.

म्हणजे सोडा भरपूर, वायू कमी, आणि रुबिस्कोला हवा असतो फक्त वायू.

सायनोबॅक्टेरियांचा तोडगा असा: बाहेरचं बायकार्बोनेट ओढून पेशीत भरायचं, ते सोड्याच्याच रूपात कोंडून ठेवायचं, आणि रुबिस्को ज्या खोलीत बसलंय त्या खोलीत नेऊनच त्याचा वायू करायचा. लिंबू पिळायचं ते दार लावलेल्या खोलीत.

सोड्याच्याच रूपात का? पेशीभोवतीचं पटल आतून तेलकट असतं. बायकार्बोनेटच्या रेणूवर ऋण प्रभार असतो, आणि असे प्रभारित कण तेलकट थरातून जाऊ शकत नाहीत. फोडणीच्या तेलात मीठ विरघळत नाही, तसंच हे. कार्बन डायऑक्साइडवर प्रभार नाही. तो पटलातून सहज आरपार जातो. आत वायू साठवायला गेलं तर तो आला तसा निघून जाईल. सोडा एकदा आत आला की आतच राहतो.

पण जो आपण होऊन बाहेर जाऊ शकत नाही तो आपण होऊन आतही येऊ शकत नाही. त्याला पंपानं आत घ्यावं लागतं. सायनोबॅक्टेरियांत कार्बन आत घेणाऱ्या पाच प्रकारच्या यंत्रणा सापडल्या आहेत. तीन बायकार्बोनेट ओढतात. त्यातली एक पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, थेट जाळते. उरलेल्या दोन सोडियमच्या जोरावर चालतात: पेशी सोडियम सतत बाहेर ढकलत असते, बाहेर साचलेलं ते सोडियम उताराच्या पाण्यासारखं आत धावतं आणि येताना बायकार्बोनेटला सोबत आणतं. या दोघींत एक थोड्या कार्बनवरही चिकाटीनं काम करणारी, दुसरी भरपूर कार्बन असला की भराभर ओढणारी.

उरलेल्या दोन यंत्रणा मला जास्त हुशार वाटतात. त्या पेशीच्या आतल्या, प्रकाश पकडणाऱ्या पटलांवर बसतात. पेशीत शिरलेला किंवा खोलीतून निसटलेला कार्बन डायऑक्साइड दिसला की प्रकाशातून मिळालेल्या ऊर्जेवर त्याचं पुन्हा बायकार्बोनेट करतात. गळणाऱ्या मडक्याखाली दुसरं भांडं ठेवून तेच पाणी परत मडक्यात ओतावं, तसं. पेशीतला अजैविक कार्बन असा आतल्या आत फिरत राहतो. खोलीत वायू, बाहेर पडला की सोडा, पुन्हा खोलीत. अंधार पडला की पंप थांबतात. चिकाटीच्या त्या सोडियम-पंपाला तर दट्ट्यासारखं बंद करणारं एक छोटं प्रथिन असतं.

पेशीत अजैविक कार्बनचा असा मोठा साठा खरोखरच असतो, हे १९८० साली मरे बॅजर, एरन कॅप्लन आणि जोसेफ बेरी यांनी अॅनाबिना नावाच्या सायनोबॅक्टेरियमवर दाखवून दिलं. पुढच्या मोजमापांत काही जातींत आतला साठा बाहेरच्या तुलनेत हजारपटीपर्यंत भरला.

आता ती खोली. १९५६ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सायनोबॅक्टेरियात बहुकोनी, गडद ठिपके दिसले होते. ते कशासाठी असतात याचा पत्ता नव्हता. १९७३ मध्ये जेसप शाइव्हली आणि सहकाऱ्यांनी गंधकावर जगणाऱ्या एका जिवाणूतून तसेच ठिपके वेगळे काढले आणि ते रुबिस्कोनं ठासून भरलेले निघाले. त्यांना नाव मिळालं कार्बोक्सिझोम. व्यास साधारण शंभर ते काहीशे नॅनोमीटर. म्हणजे केसाच्या जाडीत शेकड्यानं मावतील. आकार बराचसा विषाणूच्या कवचासारखा, वीस त्रिकोणी बाजूंचा. भिंत सगळी प्रथिनांची, तिच्यात तेलकट पटल नावालाही नाही.

ही भिंत २००५ मध्ये शेरिल केरफेल्ड, टॉड येट्स आणि सहकाऱ्यांनी अणूंच्या पातळीवर पाहिली. सहा-सहा प्रथिनं एकत्र येऊन षटकोनी फरशी बनते आणि फरशीला फरशी जोडून भिंत उभी राहते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ती नक्षी दिसते. प्रत्येक फरशीच्या मधोमध एक बारीक छिद्र, आणि त्याभोवती धन प्रभार. ऋण प्रभाराच्या बायकार्बोनेटला तिथून आत यायला वाट मिळते. प्रभार नसलेल्या कार्बन डायऑक्साइडला आणि ऑक्सिजनला ही भिंत सहजी जाऊ देत नाही. आत रुबिस्कोबरोबर दुसरं एक विकर असतं, कार्बोनिक अॅनहायड्रेज. हे आपलं लिंबू. बायकार्बोनेट आत आलं की ते तिथल्या तिथे त्याचा कार्बन डायऑक्साइड करतं, आणि रुबिस्कोभोवती एवढा वायू दाटतो की ऑक्सिजनचा शिरकाव फारसा होत नाही.

कार्बोनिक अॅनहायड्रेज आपल्याही अंगात आहे. श्वासातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याचा मोठा भाग रक्तातून बायकार्बोनेट होऊन फुफ्फुसापर्यंत येतो. ही अदलाबदल लाल रक्तपेशींतलं हे विकर करतं. त्याच्या गाभ्याशी जस्ताचा एक अणू असतो आणि त्याचा वेग अफाट आहे: माणसातल्या वेगवान प्रकाराचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा हे काम करतो. विकराशिवाय हीच अदलाबदल व्हायला काही सेकंद ते मिनिटं लागतात. पेशीच्या हिशोबात तो फार मोठा काळ.

सोडा आणि वायू यांची आपसूक होणारी अदलाबदल इतकी संथ आहे, म्हणूनच तर पेशीला सोडा साठवून ठेवता येतो. आणि इथेच माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग येतो.

ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय विद्यापीठात डीन प्राइस आणि मरे बॅजर यांनी असा विचार केला: कार्बोनिक अॅनहायड्रेज हे विकर जर फक्त खोलीतच असायला हवं, तर ते खोलीबाहेर, पेशीद्रव्यात ठेवलं तर काय होईल? त्यांनी माणसातल्या त्या वेगवान विकराचं जनुक सायनेकोकॉकस या सायनोबॅक्टेरियममध्ये घातलं. वरवर पाहता पेशीला मदतच व्हायला हवी होती. सोड्याचा वायू करणारं जगातलं एक उत्तम विकर तिला फुकटात मिळालं होतं.

झालं उलटंच. पंप काम करत होते, खोल्या जागच्या जागी होत्या, रुबिस्को धडधाकट होतं, तरी साध्या हवेत ती पेशी वाढेना. हवेत कार्बन डायऑक्साइड मुद्दाम भरपूर वाढवला तेव्हाच ती जगू शकली. कारण पंपांनी ऊर्जा खर्चून आत आणलेलं बायकार्बोनेट खोलीपर्यंत पोचण्याआधीच वाटेत वायू होत होतं आणि पटलातून बाहेर जात होतं. लिंबू पेल्याऐवजी ओट्यावर पिळलं गेलं होतं. १९८९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि कार्बोक्सिझोम ही साधी साठवणीची जागा नसून सगळ्या व्यवस्थेचं केंद्र आहे, याला भक्कम पुरावा मिळाला. एक योग्य वस्तू चुकीच्या जागी ठेवून सगळ्या यंत्राची रचना उघड करणारे असे प्रयोग फार थोडे असतात.

खोलीचा आणखी एक फायदा आहे. सायनोबॅक्टेरियांचं रुबिस्को झाडांच्या रुबिस्कोपेक्षा वेगवान असतं, सेकंदाला दहा-बारा रेणू. पण त्याची कार्बन डायऑक्साइडवरची पकड ढिली, आणि ऑक्सिजनशी गफलत करण्याची खोड जास्त. उघड्यावर असं रुबिस्को पेशीला परवडलं नसतं. वायूनं कोंदलेल्या खोलीत मात्र पकड ढिली असली तरी चालतं, वेग कामाला येतो. कुंपण भक्कम असलं की गुरं मोकळी सोडता येतात.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं तर स्पिरुलिनाची टाकी बघावी. स्पिरुलिना म्हणजे आर्थ्रोस्पायरा हा सायनोबॅक्टेरिया. पूरक आहार म्हणून त्याची पावडर विकली जाते आणि आपल्याकडेही लोक त्याची शेती करतात. टाकीतलं पाणी पेल्यात घेऊन उजेडाकडे धरलं तर गर्द हिरवट-निळं दिसतं, आणि भिंगातून बारीक, स्प्रिंगसारखे पिळदार धागे. धागे लांब असल्यानं पीक चक्क कापडातून गाळून काढता येतं. या टाकीचं नावाजलेलं खाद्य म्हणजे झारूकचं द्रावण. त्यात लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा असतो, म्हणजे वीस लिटरच्या बादलीला पाव किलोच्या वर. कार्बन म्हणून टाकायचा तो हाच, आपल्या स्वयंपाकघरातला.

मग ऊन चढतं आणि टाकीचा सामू, म्हणजे पीएच, वर सरकू लागतो. साडेआठ-नऊपासून सुरू झालेलं पाणी दहापर्यंत आणि त्याच्याही पुढे जातं. कारण आतापर्यंतच्या गोष्टीतच आहे. बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून घेतला की मागे उरतो हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली, आणि पेशी ती बाहेर टाकते. सामूची पट्टी निळी होत जाते ती पेशींनी खाल्लेल्या कार्बनची नोंदच असते. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, दिवसा साठवलेलं ग्लायकोजेन पेशी श्वसनात जाळतात, थोडा कार्बन डायऑक्साइड पाण्यात परत येतो. अल्कधर्मी पाणी हवेतूनही तो शोषत असतं. सामू फारच चढला तर वाढ मंदावते, म्हणून टाकीवाल्याचं त्याच्याकडे रोज लक्ष असतं.

याचं निसर्गातलं रूप बुलढाणा जिल्ह्यात आहे: लोणार. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेलं ते विवर आणि त्यातलं खारं, सोडायुक्त पाणी. त्याचा सामू दहाच्या आसपास नोंदला गेला आहे. तिथला विरघळलेला कार्बन जवळपास सगळा कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांच्या रूपात असतो. मासे तिथे टिकत नाहीत, पण आर्थ्रोस्पायरासारखे सायनोबॅक्टेरिया इतके माजतात की एरवी सरोवराला हिरवा रंग येतो तो त्यांचाच. (२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, ते मात्र मीठ आवडणाऱ्या वेगळ्याच सूक्ष्मजीवांमुळे.) बाकीच्यांना नकोसं झालेलं हे पाणी त्यांना मानवतं, कारण सोडा ओढण्याची यंत्रणा अंगात आहे आणि पंप चालवणारं सोडियमही हाताशी आहे.

समुद्रात हाच उद्योग अवाढव्य प्रमाणावर चालतो. प्रोक्लोरोकॉकस हा सायनोबॅक्टेरिया एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान. १९८० च्या दशकात सॅली चिझम आणि सहकाऱ्यांना तो सापडेपर्यंत त्याच्या असण्याचीच कल्पना नव्हती. उष्ण समुद्रात पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये तो लाखभरसुद्धा असतो. तो आणि त्याचा नातलग सायनेकोकॉकस मिळून समुद्रात बांधल्या जाणाऱ्या कार्बनचा सुमारे पाव हिस्सा बांधतात. प्रोक्लोरोकॉकसनं आपलं सामान फारच कमी ठेवलंय. मडक्याखालचं भांडं, म्हणजे वायूचा पुन्हा सोडा करणारी यंत्रणा, त्याच्याकडे नाहीच. समुद्रात बायकार्बोनेट कधी आटत नाही, मग इतकी अवजारं बाळगायची कशाला? तळ्यात राहणाऱ्यांना दिवसागणिक बदल सोसावे लागतात, म्हणून त्यांच्याकडे पाचही यंत्रणा असू शकतात. गोव्याच्या किनाऱ्याबाहेर फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान कधी कधी लाकडाच्या भुशासारखे तपकिरी पट्टे पाण्यावर दिसतात, तेही एक सायनोबॅक्टेरियम, ट्रायकोडेस्मियम.

प्रकाशसंश्लेषण करणारे सगळेच जिवाणू असं करत नाहीत, हेही सांगायला हवं. जांभळे जिवाणू रुबिस्को वापरतात, पण ऑक्सिजन सोडत नाहीत. हिरवे गंधक-जिवाणू रुबिस्कोच्या वाटेलाच जात नाहीत. आपल्या पेशी ज्या चक्रातून अन्न जाळतात, तेच चक्र ते उलटं फिरवून कार्बन बांधतात. ऑक्सिजन नसलेल्या जागी ते जमतं.

आपल्या पिकांत ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांनी कार्बन दाटवण्याची आपली वेगळी युक्ती काढली आहे. ती त्यांच्या पानांतल्या दोन प्रकारच्या पेशींवर चालते. भात, गहू, हरभरा, सोयाबीन यांच्याकडे अशी काही सोय नाही. तिथे रुबिस्को उघड्यावर आहे आणि उन्हाच्या तडाख्यात ऑक्सिजनशी त्याची गफलत वाढत जाते. म्हणून या पिकांच्या हरितलवकात सायनोबॅक्टेरियाची खोली बसवता येईल का, असा प्रयत्न चालू आहे. २०१४ मध्ये तंबाखूच्या हरितलवकात सायनोबॅक्टेरियाचं वेगवान रुबिस्को घालून दाखवलं गेलं. २०१८ मध्ये कॅनबेराच्याच विद्यापीठातल्या गटानं तंबाखूत साधे कार्बोक्सिझोम उभे केले. ती झाडं वाढली, पण वाढीव कार्बन डायऑक्साइडच्या हवेत. पंप अजून बसायचे आहेत, आणि पंप बसले तरी एक काम आधी करावं लागेल. पानाच्या हरितलवकात, खोलीबाहेर, मूळचंच भरपूर कार्बोनिक अॅनहायड्रेज असतं. पंपानं आणलेला सोडा ते वाटेतच फसफसवून टाकेल, १९८९ सालच्या त्या पेशीत माणसाच्या विकरानं केलं होतं तसंच. खोलीत ठेवायचं लिंबू पानात आधीपासूनच ओट्यावर पिळलेलं आहे, आणि ते आधी पुसून काढावं लागणार आहे.